वर्गात वेगवेगळ्या घरची मुलं असतील तर

पहिल्या हजेरीआधी एक करा. प्रत्येक मुलाला स्वतःचं नाव उच्चारायला सांगा आणि जसं ऐकू येईल तसं वहीत लिहून ठेवा. एका मुलीचं नाव मी दोन महिने चुकीचं घेत होते. ती मान खाली घालून ‘हजर’ म्हणायची. नीट घेतलं, त्याच दिवशी तिने पहिल्यांदा हात वर केला. मला अजून वाईट वाटतं.

पण मुलांना नुसतं शेजारी बसवून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं, की पूर्वग्रह कमी व्हायला बरोबरीचं स्थान, समान ध्येय, सहकार्य आणि मोठ्यांचा पाठिंबा लागतो. हे सगळं एकत्र साधतं मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांच्या १९७१ च्या जिगसॉ पद्धतीत. धड्याचे पाच भाग करा, पाच-पाच जणांचे मिश्र गट पाडा, प्रत्येकाला एकच भाग द्या. वेगवेगळ्या गटांतली सारखाच भाग मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात परत जाऊन शिकवतात. अडखळत बोलणाऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होत नाही. “सावकाश सांग, मी लिहितोय,” असं एका दांडगट मुलाच्या तोंडून मी ऐकलंय.

आणि ‘तुमच्यात काय करतात?’ असं भर वर्गात विचारू नका. त्या मुलावर अख्ख्या समाजाचं ओझं पडतं. ‘तुझ्या घरी?’ एवढं पुरतं, तेही त्याला सांगावंसं वाटलं तर.