मिशनचा पेपर घेताय? सोलापूरच्या पोरापोरींसाठी थोडं अनुभवाचं

बी.डी.ला, म्हणजे पाळक व्हायच्या डिग्रीला (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी), ऍडमिशन मिळाली की आपल्याकडची पोरं पहिलं होस्टेल, मेस आणि हुतात्मा एक्सप्रेसचं टायमिंग विचारतात. ते सीनियर सांगतीलच, मी मिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या अभ्यासाच्या, पेपरबद्दल सांगतो कारण तिथं आपण जरा जास्तच कॉन्फिडन्सनं जातो. म्हणजे कसं, मिशन म्हटलं की मिशन कंपाउंड, मिशन शाळा, मिशन दवाखाना आणि भिंतीवर कुठल्यातरी गोऱ्या साहेबाचा जुना फोटो, आणि बायबलातलं वचन म्हटलं की मत्तय २८, जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. संडे स्कूलपासून पाठ आहे, मग यात शिकायचं काय राहिलंय बे, असं वाटतं.

पण मत्तय २८ ला एवढं वजन आलं त्यालाही इतिहास आहे. अठराव्या शतकात बऱ्याच प्रोटेस्टंट लोकांचं म्हणणं होतं की ती आज्ञा पहिल्या प्रेषितांपुरती होती, आता आपला काही संबंध नाही. विल्यम कॅरीनं १७९२ साली एक छोटी पुस्तिका लिहून म्हटलं की नाही, ती आजही लागू आहे, आणि पुढच्याच वर्षी तो बंगालला आला. ज्या सेरामपूरच्या सेनेटची डिग्री घ्यायला तुम्ही निघालाय ते कॉलेज १८१८ साली त्यानं आणि त्याच्या साथीदारांनीच काढलेलं. पुढं मिशन म्हणजे हेच एक वचन असं होऊन बसलं, आणि वाचताना 'जा' वर सगळा जोर. आधीच्या वचनात येशू सगळा अधिकार मला दिलाय म्हणतो, म्हणजे अधिकार त्याचा आहे, जाणाऱ्याचा नाही, हे पटकन निसटतं.

म्हणून माझा सल्ला असा की मत्तयपासून सुरुवातच करू नका. उत्पत्ती १२ वाचा, तिथं अब्राहामाला आशीर्वाद मिळतो तो पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांसाठी. मग योना. योना नीट वाचा राव, चारच अध्याय आहेत आणि आपण पहिले दोन वाचून माशापाशीच थांबतो. खलाशी देवाचा धावा करतात, मासा देवाचं ऐकतो, निनवे शहर राजापासून गुरांपर्यंत पश्चात्ताप करतं, आणि जो संदेश घेऊन गेला तोच शेवटी शहराबाहेर रुसून बसलेला. एक लाख वीस हजारांवर माणसं आणि पुष्कळ गुरं, यांची मी कीव करू नये काय, हा देवाचा प्रश्न, आणि पुस्तक तिथंच संपतं, योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही.

तसंच प्रेषितांची कृत्ये, अध्याय १० आणि ११. आपण म्हणतो कर्नेल्य शताधिपतीचं (रोमी फौजेतला, यहुदी नसलेला) परिवर्तन झालं. झालंच, पण त्याच्या आधी यापोच्या गच्चीवर पेत्राचं व्हायला लागलं, त्याशिवाय तो त्या घरात पाऊलच टाकत नव्हता. आणि यरुशलेमला परत गेल्यावर मंडळीतले (चर्चमधले) लोक पेत्राला धरतात ते कशावरून? बाप्तिस्मा का दिलास यावरून नाही, बेसुंती, म्हणजे यहुदी नसलेल्या, लोकांच्या घरी जाऊन जेवलास कसा यावरून. मला हे वाचून एकदम आपलीच मंडळी दिसली. एका बाकावर बसतो, एका पेल्यातून प्रभुभोजन घेतो, आणि सोयरीक म्हटली की पहिलं आडनाव विचारतो आणि मग मूळ गाव. माझ्या मते सोलापुरात मिशनचा पहिला पत्ता हाच आहे, पण हे पेपरात लिहायला सोपं आणि घरात बोलायला लई अवघड.

लूक ४ सांगायलाच नको, नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचा भाग वाचतो, दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका. ही 'सुटका' लक्षात ठेवा, कारण आता आपल्या गावाचं येतंय.

सेटलमेंट फ्री कॉलनी सगळ्यांना माहीत आहे, तिथं रिक्षा जाते, पण ते नाव कशावरून हे कितीजणांना माहीत असतं? १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, मग अशा लोकांना सेटलमेंटमध्ये ठेवायचं, हजेरी घ्यायची आणि मिलमध्ये कामाला लावायचं. सोलापुरात ही मोठी वसाहत होती आणि त्यातलं उमेदपूर चालवायला होतं अमेरिकन मराठी मिशनकडं. हो, तेच मिशन, ज्याचे लोक १८१३ ला मुंबईत उतरले आणि ज्यांच्या मंडळ्या पुढं १९७० साली सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आल्या. मुलांना शिकवलं, आजाऱ्यांना बघितलं, हे खरंच केलं, आणि त्याच वेळी तारेच्या कुंपणाची किल्ली पण हातात. काहीजण याच्यावरून मिशनला सरळ शिव्या घालतात, आपले जुने लोक नुसतं कौतुक करतात, मला दोन्ही आळशीपणाच वाटतो. प्रेमानं काम करणारा माणूस सरकारच्या बाजूनं दारात उभा असतो तेव्हा आतल्या माणसाला तो कसा दिसतो, यावर एक असाइनमेंट नक्की करा.

हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. गंमत बघा, त्याच वर्षी जुलैत जर्मनीत विलिंगेनला मिशनवाल्यांची परिषद झाली. चीनमधून मिशनरी बाहेर काढले गेले होते, साम्राज्यं मोडत होती, आपलं चुकलं कुठं असा सगळ्यांना प्रश्न. त्या चर्चेतून जे पुढं आलं त्याला पुस्तकात मिसिओ देई म्हणतात, म्हणजे मिशन हे मुळात देवाचं, चर्च त्यात सामील होतं, चर्चच्या मालकीचं ते नाही. ही व्याख्या तुम्ही परीक्षेला पाठ करालच, पण उमेदपूरशेजारी ठेवून वाचली तर जरा कळते. आणि १९१० च्या एडिनबरा परिषदेतलं अझरायांचं भाषण शोधून वाचा, तमिळ माणूस, पुढं तेलुगू भागात दोर्नकलला बिशप झाले. तुम्ही गरिबांना सगळं दिलंत, आता आम्हाला मित्र द्या, असं त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांच्या तोंडावर म्हटलं. आपल्याकडचे कवी ना. वा. टिळक पण १९१७ ला मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार', म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा मेळा, उभा करायला निघाले ते उगाच नाही.

आजचं म्हणाल तर कायद्याची माहिती ठेवा. संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रसार करायचा हक्क आहे, पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नाही. आणि राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळं दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, हे तर आपल्या कितीतरी घरांत रोजचंच आहे. फील्डवर्कला विडी कामगार बायकांच्या वस्तीत जायला मिळालं तर जा, तिथं बऱ्याचजणी तेलुगू बोलतात म्हणून थोडं तेलुगू शिकून जा, फोटो काढत बसू नका, आणि पत्रकं वाटण्याआधी त्यांच्याकडून ऐकून घ्या की मजुरीचा आणि पी.एफ.चा काय घोळ आहे.

नोकरीचं सरळ सांगतो. पाळक होता येतं, दवाखान्यात चॅप्लेन, शाळेत, संस्थेत, भाषांतराच्या कामात, पण पगार सगळीकडं बेताचाच, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. आणि मंडळीचं शिफारसपत्र शेवटच्या महिन्यावर ठेवू नका, पंचकमिटीची मिटिंग कोरम नाही म्हणून पुढं ढकलली की तुमचा फॉर्म तसाच पडून राहतो.