प्रागची तयारी: आधी घड्याळ, मग बॅग

प्रागला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "थंडी किती असेल हो?" मी उलट विचारते, रात्री किती? सहलीच्या पत्रकांत प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट हे त्रिकूट ठरलेलं असतं आणि त्यात प्रागच्या वाट्याला जेमतेम दोन रात्री येतात. त्यातलाही बराच वेळ बसमध्ये जातो. म्हणून यादीतलं पहिलं काम हे: स्वतःच्या हिमतीवर जात असाल तर तीन रात्री धरा. टूरबरोबर असाल तर पैसे भरण्याआधी हॉटेलचा पत्ता मागून नकाशावर बघा. 'प्रागमध्ये' आणि 'प्रागजवळ' या दोन शब्दांत पाऊण तासाचा प्रवास लपलेला असू शकतो.

तिसरी रात्र हवी ती गर्दीमुळे. शहराची वस्ती साधारण १४ लाख. वर्षभरात हॉटेलांत उतरणाऱ्या पाहुण्यांनी २०१९ मध्ये ८० लाखांचा आकडा गाठला. करोनात तो कोसळला, आणि २०२४ मध्ये पुन्हा तिथेच आला. शहर तसं मोठं आहे, पण यातले बहुतेक जण एकाच वाटेने चालतात. पावडर टॉवर या जुन्या वेशीच्या बुरुजापासून जुन्या शहराच्या चौकात, तिथून चार्ल्स पूल, पूल ओलांडून माला स्त्राना ही नदीपलीकडची वस्ती आणि वर किल्ला. बोहेमियाचे राजे राज्याभिषेकाला ज्या वाटेने जात तीच ही वाट. आता तिच्यावरून छत्री उंच धरलेले गाइड जातात. तेही सगळे एकाच वेळी! न्याहारी उरकून दहाच्या सुमाराला गट निघतात, बाराला किल्ल्याच्या पहिल्या चौकात पहारा बदलतो तेव्हा तिथे कोंडी होते, आणि चौकातल्या १४१० च्या खगोलीय घड्याळापुढे दर तासाला पाच मिनिटं आधीपासून माना वर होतात. घड्याळावरचा सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून प्रेषित, म्हणजे येशूच्या शिष्यांचे पुतळे, सरकतात, कोंबडा आरवतो, मिनिटभरात खेळ खलास. तेवढ्या वेळात सगळ्यांची नजर वर असते, खिसेकापूंची खाली. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. खेळ सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत असतो, तेव्हा नऊचाच धरा.

आता आपल्या बाजूची गोष्ट. उन्हाळ्यात प्राग आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथे पहाटेचे पाच वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबाने साडेआठ झालेले असतात. म्हणजे पहिल्या दोन दिवशी गजर न लावता जाग येतेच. लोक याला जेट लॅग म्हणून कुरकुरतात आणि पडद्याआड कूस बदलत राहतात. उठा, आणि पूल गाठा. मेअखेरीस पाचच्या आसपास उजाडतं. ५१६ मीटर लांबीचा, १३५७ मध्ये पाया घातलेला तो पूल त्या वेळी खरोखरच पूल वाटतो, एरवी तो यात्रेतला बोळ असतो. तीस पुतळ्यांमध्ये नेपोमुकच्या संत योहानाचा शोधा. राजाने १३९३ मध्ये त्याला नदीत फेकवलं, असं सांगतात. खालच्या पितळी पट्टीवर लोकांच्या हातांनी घासून घासून एकच जागा पिवळीधमक झालेली आहे, बाकी सगळं काळं. दुपारी तिथे हात लावायला रांग असते. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय एक झाडूवाला आणि लग्नाचे फोटो काढून घेणारं एक जोडपं होतं, बस्स.

महिना निवडताना शाळेच्या सुट्टीपलीकडे बघा. मे सुंदर असतो, पण १ आणि ८ मेला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि ८ तारखेला मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात. त्या दिवसाचं दूध-ब्रेड आदल्या दिवशी आणून ठेवा. १२ मेपासून 'प्राग स्प्रिंग' हा संगीत महोत्सव असतो, त्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. डिसेंबरात नाताळच्या बाजारासाठी झुंबड उडते. पण तेव्हा उजाडायलाच आठ वाजतात, म्हणजे ऊबदार न्याहारी करूनही पहाटेचा पूल मिळतो. खरी शांतता हवी तर जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी, फक्त कानटोपी विसरू नका. माझं मत विचाराल तर दिवाळीची सुट्टी. ऊन कोवळं, झाडं पिवळी, गर्दी उन्हाळ्यापेक्षा बरी. २८ ऑक्टोबरला त्यांचा राष्ट्रीय दिवस, दुकानांचं पुन्हा तेच. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. फोन आपोआप बदलतो, बाबांचं मनगटी घड्याळ बदलत नाही.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा तारखेसाठी शेवटच्या महिन्याची वाट बघू नका. विमा ३०,००० युरोचा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, म्हणून विमान बदलताना मध्ये पुरेसा वेळ ठेवा.

पैशांत बरेच जण फसतात. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, पण चलन युरो नाही, कोरुना आहे. एटीएमने "रुपयांत हिशेब करू का?" असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर महाग पडतो. नोटा बदलायच्या असतील तर 'कमिशन शून्य' या पाटीला भुलू नका, शंभर युरोचे हातात किती येतील एवढंच विचारा. फसलातच तर पावती फेकू नका. २०१९ पासून असा नियम आहे की हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत, त्याच दुकानात जाऊन रद्द करता येतो. ट्राममध्ये कार्डाने तिकीट मिळतं. स्टेशनवरून कागदी तिकीट घेतलंत तर पिवळ्या यंत्रात घालून वेळ छापून घ्या. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतो.

किल्ल्याला खालून चढू नका. २२ नंबरची ट्राम वर सोडते, मग उतरत या, गुडघे दुवा देतील. आवार सकाळी सहाला उघडतं आणि चौक फुकट बघता येतात. आतल्या वास्तूंचं तिकीट दोन दिवस चालतं, सगळं एका दमात उरकायची गरज नाही. ज्यू वस्तीतलं संग्रहालय आणि जुनं दफनस्थान शनिवारी बंद असतं. वीकएंडला जाणाऱ्यांचा कार्यक्रम इथेच कोलमडतो.

राहायला अगदी जुन्या शहरात नको. द्लोउहा रस्त्यावर रात्री दोनलाही गाणी चालू असतात. नोव्हेंबर २०२४ पासून रात्री दहानंतर टोळक्यांना एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये हिंडवणाऱ्या सहलींवर शहराने बंदी घातली, यावरून काय ते ओळखा. विनोह्राडी किंवा कार्लीनमध्ये राहिलात तर मेट्रोने दहा मिनिटं लागतात, आणि शेजारी बेकरीत पाव घ्यायला आलेले प्रागकर दिसतात. मध्यवस्तीत ते दिसणं अवघड झालंय.

खाऊचा डबा भरताना एक लक्षात ठेवा: मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. पेढे आणि तूप घरी ठेवा. भडंग, मेतकूट, कोरडी चटणी चालेल. तिथे 'बेझ मासा' हे दोन शब्द पाठ करा. आपल्याला त्यात मासा ऐकू येतो, पण अर्थ आहे 'मांसाशिवाय'. बटाट्याचे ब्राम्बोराक खा, लसणाचा वास ओळखीचा वाटेल. चौकाचौकांत निखाऱ्यावर फिरणारं त्र्देल्निक 'जुनी चेक मिठाई' म्हणून विकतात, ती पर्यटकांनीच मोठी केलेली गोष्ट आहे. गोड असतं, खा, पण इतिहास म्हणून नको.

शेवटी बूट. प्रागच्या फरसबंदीला चेक लोक 'मांजराची डोकी' म्हणतात, आणि ती तशीच असतात, गोल, गुळगुळीत, पावसात निसरडी. चार चाकांची बॅग त्यावर नाचते आणि रात्री सगळी गल्ली जागी करते. सामान कमी, तळवा जाड, नवे बूट अजिबात नकोत. माझ्या आईने नवेच घातले आणि दुसऱ्या दिवशी टाच सोलली. मग वेन्सेस्लास चौकातल्या बाटाच्या १९२९ च्या इमारतीत गेलो, जाताना तिला सांगितलं की ही कंपनी मूळची इथलीच, झ्लीन गावची. तिने बूट घेतले, पण हे काही तिला पटलं नाही. "बाटा आपलीच," ती अजून म्हणते, "शाळेचे बूट तिथूनच घ्यायचो की."