बहरातल्या गुलाबाला खत कधी आणि कसं द्यावं

पुण्यात ऑक्टोबरात छाटलेला गुलाब साधारण सहा-सात आठवड्यांनी फुलायला लागतो. छाटणीच्या वेळी घातलेलं शेणखत त्याला पूर्ण हंगाम पुरत नाही, कुंडीत तर नाहीच. पाण्याबरोबर बरंचसं सत्त्व वाहून जातं. म्हणून नव्या फुटीच्या टोकाला मटारएवढी कळी दिसली की खत द्या. १० इंची कुंडीला मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड. खोडाला टेकवू नका. कुंडीच्या कडेकडेने माती हलक्या हाताने उकरा, बारीक पांढरी मुळं दिसली की तिथेच थांबा आणि खत मिसळून माती सारखी करा.

विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) वापरत असाल तर लिटरभर पाण्यात २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. कोरड्या मातीत मात्र हे कधीच ओतू नका, आदल्या संध्याकाळी पाणी घाला. नाहीतर पानांच्या कडा करपतात. युरियाचा मोह तर टाळाच! फांद्या लुसलुशीत वाढतात, त्यांवर मावा ही रस शोषणारी कीड बसते आणि फुलं कमी येतात.

सुकलेलं फूल पाच पर्णिकांच्या (एका देठावर पाच छोटी पानं असलेल्या) पानाच्या जरा वर कापत राहा, म्हणजे दिलेलं खत नव्या कळ्यांच्या कामी येतं. एप्रिलचं ऊन तापलं की रासायनिक खत बंद, फक्त पाणी आणि पालापाचोळ्याचं आच्छादन.