'टू मेनी ओपन फाइल्स' येतंय? आधी चालू प्रोसेसचं लिमिट बघा

लिनक्सवर मायएसक्यूएल या डेटाबेसच्या लॉगमध्ये एरर २४ म्हणजे 'टू मेनी ओपन फाइल्स' दिसला की बरेच जण टर्मिनलवर युलिमिट (एका प्रोसेसला एकाच वेळी किती फाइल्स उघडता येतात ते दाखवणारी कमांड) चेक करतात, तिथे ६५५३५ दिसतं आणि मग कळेचना की अडतंय कुठे. अहो तो आकडा तुमच्या लॉगिनचा आहे, डेटाबेसचा नाही!

मायएसक्यूएलडीचा, म्हणजे डेटाबेस सर्व्हरच्या प्रोसेसचा, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) काढा, प्रॉक डिरेक्टरीत त्या नंबरच्या फोल्डरमध्ये लिमिट्स नावाची फाइल असते, त्यात 'मॅक्स ओपन फाइल्स' ची ओळ बघा, सॉफ्ट (सध्या लागू असलेलं) आणि हार्ड (सॉफ्ट जास्तीत जास्त जिथवर नेता येतं ते) दोन्ही. शेजारीच एफडी फोल्डर (उघड्या फाइल्सची यादी) आहे, त्यातल्या एंट्र्या रूटने मोजल्या की आत्ता किती वापरात आहेत ते कळतं. यात सॉकेट (नेटवर्कच्या जोडण्या) पण धरतात, म्हणजे प्रत्येक क्लायंट कनेक्शनचा एक आलाच. एलएसओएफ या कमांडने मोजू नका, ते लायब्रऱ्यापण दाखवतं आणि आकडा उगाच फुगतो.

आता लिमिट वाढवायचं कुठे? लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये लिहून उपयोग नाही, ती फाइल पॅमच्या (लिनक्सची लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) लॉगिनला लागते आणि सिस्टिमडीने (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सुरू केलेली सर्व्हिस त्या वाटेने जातच नाही. सिस्टिमसीटीएल एडिटने सर्व्हिस सेक्शनमध्ये लिमिटएनओफाइल टाका आणि रीस्टार्ट करा. भर गर्दीत रीस्टार्ट शक्य नसेल तर पीआरलिमिट कमांडने चालू प्रोसेसचं लिमिट वाढवता येतं, पण ते पुढच्या रीस्टार्टपर्यंतच टिकतं, त्यामुळे सर्व्हिस फाइलमधलं काम राहू देऊ नका.

किती ठेवायचं याचा हिशोब सोपा आहे, टेबल ओपन कॅशची (किती टेबलं उघडी ठेवायची ते सांगणारं सेटिंग) दुप्पट, त्यात मॅक्स कनेक्शन्स (एकाच वेळी जास्तीत जास्त किती क्लायंट) आणि वर १०. कॅश ४००० आणि कनेक्शन्स १००० असतील तर ९०१०. हे किमान समजा, पार्टिशन असलेली (भागांत विभागलेली) टेबलं असतील तर बरंच जास्त द्या कारण इनोडीबी या मायएसक्यूएलच्या नेहमीच्या स्टोरेज इंजिनात साधारणपणे प्रत्येक पार्टिशनची वेगळी फाइल असते.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात धोकादायक वाटते, लिमिट कमी पडलं तर मायएसक्यूएल सुरू होतानाच टेबल ओपन कॅश स्वतःहून कमी करतं, लॉगमध्ये फक्त एक वॉर्निंग, एरर २४ येतही नाही, नुसता सर्व्हर मंदावतो. म्हणून रीस्टार्टनंतर शो व्हेरिएबल्समध्ये ओपन फाइल्स लिमिट आणि टेबल ओपन कॅश तुम्ही दिलेलेच आहेत ना ते बघा, आणि मग थोड्या थोड्या वेळाने ओपन्ड टेबल्सचा काउंटर (आतापर्यंत किती टेबलं उघडली त्याची मोजणी) बघा, तो भराभर चढतच राहिला तर कॅश अजून अपुरी आहे.