पोरांना सायकलवर शाळेत पाठवताय? आधी या चुका टाळा

जून उजाडला की आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेत ठरलेला प्रकार. नवी कोरी गिअरची सायकल येते, आठवडाभर मिरवते आणि पहिल्या मोठ्या पावसात जिन्याखाली जाते. मग पुन्हा स्कूटरवर तिघं.

सगळ्यात मोठी चूक मापाची. ‘वाढतं अंग आहे, चार वर्षं चालेल’ म्हणत चौथीतल्या पोराला २६ इंची सायकल घेतात. शर्ट ढगळ चालतो हो, सायकल नाही! गल्लीतल्या एका पोराला अशीच मिळाली होती. मिरज रस्त्याला लागताना समोर उसाचा ट्रॅक्टर आला. ब्रेकपर्यंत बोटं पोचेनात, जमिनीला पाय टेकेना. कडेच्या गटारात कलंडला म्हणून खरचटण्यावर निभावलं. वडील दुसऱ्या दिवशी ब्रेक घट्ट करून घेऊन आले, सायकल तीच! सीटवर बसून दोन्ही चवडे टेकले आणि ब्रेक दोन बोटांनी दाबता आला, तरच मी ती सायकल घेऊ देतो. जुनी असली तरी हरकत नाही.

उसाचं निघालंच आहे तर सांगतो. गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. वळताना मागची ट्रॉली पुढचीपेक्षा आत येते आणि पोरं नेमकी पहिली गेली की पॅडल मारतात. आमच्याकडे ट्रॅक्टर दिसला की उतरायचं, मागची ट्रॉली जाईपर्यंत हलायचं नाही. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढला तर सायकल आठवडाभर बंद. ‘आम्हीपण ओढायचो’ असं कौतुकानं सांगणाऱ्या बापांना तर हात जोडतो.

दप्तर हँडलला अडकवू नका, कॅरिअरला बांधा. हेल्मेटचा पट्टा लावा.

आठवीतल्या पोराला स्कूटी देणं हा शॉर्टकट नव्हे. अल्पवयीन पोरानं वाहतुकीचा गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्यात पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

गाडी थेट गेटला लावू नका. तिथली कोंडी आपणच करतो. लहानग्यांना दोन गल्ल्या अलीकडे उतरवा आणि चालत न्या. शेजारच्या चार घरांनी पाळी लावली तर एकच मोठं माणूस पुरतं.

आणि सोमवारपासूनच रोज सायकल, असला उत्साह नको. रविवारी रस्ता दाखवा, मग शनिवारच्या सकाळच्या शाळेला पाठवा. तेव्हा रस्ते जरा मोकळे असतात.