सोयाबीनवरचं टॉनिक खरंच किती देतं? जोडीच्या पट्ट्यांवर तपासा

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला की सोयाबीनची पेरणी उरकेल, आणि पीक फुलोऱ्यात येताच ‘एकरी दोन क्विंटल वाढ’ असं सांगत टॉनिकच्या बाटल्या समोर येतील. हा दावा स्वतःच्या रानात तपासता येतो; जागा मात्र पेरणीच्या वेळीच राखून ठेवा.

गेल्या वर्षीच्या उताऱ्याशी तुलना नको, कारण पाऊस तोच नसतो. अर्धं शेत फवारून उरलेल्या अर्ध्याशी ताडून पाहणंही नको. एका बाजूला माती खोल, दुसरीकडे मुरमाड असली तर फरक मातीचा निघतो आणि श्रेय बाटलीला जातं. त्यापेक्षा शेतात आठ ठिकाणी, शेजारी-शेजारी, एकेक गुंठ्याचे दोन पट्टे आखा. वाण, खत, पेरणीची तारीख एकच. जोडीतल्या कोणत्या पट्ट्यावर टॉनिक मारायचं ते नाणं उडवून ठरवा, नाहीतर हात आपसूक चांगल्या पिकाकडे वळतो. दुसऱ्यावर तेवढंच साधं पाणी फवारा. मध्ये दोन-चार तासं (पिकाच्या ओळी) मोकळी सोडा, म्हणजे वाऱ्याने फवारा पलीकडे गेला तरी मोजणी बिघडत नाही.

मळणी हा सगळ्यात नाजूक टप्पा. यंत्रात आधीच्या पट्ट्याचे दाणे अडकून राहतात, म्हणून ते रिकामं चालवूनच पुढचा पट्टा टाका. सगळा माल सारखा वाळवून एकाच काट्यावर तोला.

आता प्रत्येक जोडीत टॉनिकच्या वजनातून पाण्याचं वजन वजा करा. उदाहरणादाखल, गुंठ्यामागे आठ फरक असे धरू: 2.5, उणे 0.5, 3, 1, 4, 0.5, 2, 1.5 किलो. सरासरी 1.75. मोबाइलच्या स्प्रेडशीटमध्ये या फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, 1.44 येतं. त्याला 8 च्या वर्गमुळाने भागा: 0.51. आठ जोड्यांसाठी टी-तक्त्यातला (संख्याशास्त्राच्या तयार कोष्टकातला) आकडा 2.365, गुणाकार सुमारे 1.20. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तेवढं अंतर दिलं की 0.55 ते 2.95 किलो हा 95 टक्के विश्वास अंतराल मिळतो. या पद्धतीने शंभर चाचण्या केल्या तर साधारण 95 वेळा खरा फरक काढलेल्या अंतरालात सापडतो.

एकर म्हणजे 40 गुंठे, तेव्हा हे झालं एकरी 22 ते 118 किलो. शून्य या अंतरालात नाही, म्हणजे टॉनिकचा थोडा उपयोग दिसतो. पण 200 किलोही त्यात नाहीत, त्यामुळे दुकानातला दावा या रानात टिकत नाही. मला इथे खालचं टोक जास्त महत्त्वाचं वाटतं. 2025-26 च्या क्विंटलमागे 5,328 रुपये हमीभावाने 22 किलोचे जेमतेम 1,170 रुपये होतात. बाटली आणि फवारणीची मजुरी मिळून खर्च याहून जास्त असेल, तर पैसे परत येतीलच अशी खात्री या चाचणीतून मिळत नाही.

कधी अंतराल इतका रुंद येतो की शून्य आणि 200 किलो दोन्ही त्यात बसतात. तेव्हा ‘फायदा नाही’ असं म्हणू नका आणि ‘फायदा झाला’ असंही नको. जोड्या कमी पडल्या. पुढच्या खरिपात शेजाऱ्यांना सोबत घेऊन वाढवा. पाणी तुंबलेली किंवा जनावरांनी खाल्लेली जोडी वगळायची असेल, तर ते काट्यावर माल चढण्याआधी वहीत लिहून ठेवा. वजन पाहिल्यानंतर एकही जोडी वगळायची नाही.