डांबरी रस्ता आणि कच्ची वाट, दोन्हींसाठी ऑफ-रोड टायर कसे निवडावेत

टायर बघायला गेलं की पहिली नजर नक्षीवर जाते. मोठे ठोकळे, खोल खाचा, खांद्यापर्यंत उतरलेले दात. असे टायर चढवले की गाडीचा रुबाबच बदलतो. पण कच्च्या वाटेवर गाडी अडकून पडते तेव्हा कारण बरेचदा वेगळंच निघतं. टोकदार दगडाने टायरची बाजूची भिंत फाटलेली असते, नाहीतर हवा कमी न केल्यामुळे चाक एका जागी भिरभिरत खड्डा खणत बसलेलं असतं. आणि तीच दणकट नक्षी पावसात ब्रेक मारल्यावर गाडीला अंदाजापेक्षा बरीच पुढे नेते.

रोज रस्त्यावर आणि अधूनमधून वाटेवर जाणाऱ्या गाडीसाठी मी एक सूत्र धरतो: नक्षी रोजच्या रस्त्याकडे बघून ठरवायची आणि भिंत आपल्या सर्वांत वाईट वाटेकडे बघून. म्हणून इथे नक्षीचा विषय मुद्दाम उशिरा घेतला आहे.

१. वापराचा हिशोब मांडा

वर्षभरात गाडी साधारण किती किलोमीटर धावते आणि त्यातले डांबराबाहेरचे किती, हे आधी कागदावर लिहा. शंभरात पाच-दहाच निघाले तर तोच आकडा खरा धरा, मनातला नको. मग त्या पाच-दहा किलोमीटरांत चाकाखाली नेमकं काय येतं ते लिहा: दाबलेली माती, सुटी खडी, चिकट चिखल, मऊ वाळू, टोकदार खडक की बर्फ. यातल्या प्रत्येकाची मागणी वेगळी आहे. चिखलाला मोकळ्या खाचा हव्यात, म्हणजे चाक फिरताना तो झटकला जातो. वाळूत टायर पसरून वर तरंगायला हवा. खडकावर जाड भिंत लागते. बर्फावर थंडीत कडक न होणारं रबर आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा कामाला येतात. सगळ्यांत अव्वल असा टायर कुणी बनवत नाही, त्यामुळे यादीतल्या पहिल्या दोन गोष्टी निवडा आणि उरलेल्यांवर पाणी सोडा.

मदत किती लांब असते, हेही लिहून ठेवा. रस्त्यापासून दोन किलोमीटर आत जाणाऱ्याला जे चालून जातं ते पन्नास किलोमीटर आत जाणाऱ्याला चालत नाही.

२. टायरवर काय लिहिलंय ते वाचा

समजा, टायरवर २६५/६५ आर१७ ११२एस असं आहे. २६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, ही टायरची नेहमीची बांधणी, आणि १७ हा रिमचा व्यास, इंचांत. ११२ हा भाराचा निर्देशांक आहे. तो एका टायरला १,१२० किलोंपर्यंत भार पेलण्याची मुभा देतो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरची वेगमर्यादा. चिखलाच्या टायरवर पुष्कळदा क्यू दिसतो, म्हणजे १६०.

गाडीसोबत आलेल्या टायरपेक्षा कमी भाराचा टायर कधीही घेऊ नका. पाच माणसं, टपावरचं सामान, पाण्याचे कॅन आणि जादा इंधन धरून मागच्या धुरीवर किती वजन येतं याचा विचार करा. वाटेवर जाणारी गाडी सहसा भरलेलीच असते.

भिंतीवर एक चार आकडी तारीखही असते. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. रबर गोदामात पडून राहिलं तरी हळूहळू कडक होत जातं, त्यामुळे तारीख स्वतः वाकून वाचा आणि सगळे टायर एकमेकांच्या जवळच्या आठवड्यांतले मागा.

३. माप: मोठं घ्यायचं तर गणित करून

मोठ्या टायरचा मोह सगळ्यांनाच होतो. पण त्यातून हाती काय लागतं ते मोजून बघा. २६५/६५ आर१७ चा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर भरतो. त्याच रिमवर २६५/७० आर१७ घेतला तर तो ८०३ च्या आसपास जातो. व्यास सत्तावीस मिलिमीटरने वाढला, पण गाडी जमिनीपासून उचलली गेली त्याच्या निम्मीच, म्हणजे जेमतेम तेरा मिलिमीटर. बदल्यात काटा १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा सुमारे साडेतीन टक्के जास्त वेगाने धावत असते, ओडोमीटर तितकंच अंतर कमी मोजतो, गिअर लांबल्यासारखे वाटतात आणि चढावर इंजिन लवकर दमतं. जड चाक थांबवायला ब्रेक मात्र तेच. तीन टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेक गाड्या निमूट सोसतात. त्यापुढे जायचं असेल तर सस्पेन्शन, गिअरिंग आणि स्पीडोमीटर यांचा एकत्र विचार करावा लागतो.

टायर बसतो की नाही हे गाडी सपाट जागी उभी असताना कळत नाही. एक टायर चढवून बघू देणारं दुकान शोधा. पुढचं एक चाक उंच ठोकळ्यावर किंवा रॅम्पवर चढवा, म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शन दबेल. आता स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा आणि दर वेळी इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि बाकीच्या चाकांना अडण्या लावलेल्या असताना टॉर्च घेऊन आत बघा. टायरच्या मागच्या कडेला मडगार्डचं प्लॅस्टिक, आतल्या बाजूला कंट्रोल आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारा सस्पेन्शनचा दांडा) आणि चॅसीचा कोपरा, या तीन ठिकाणी बोट सहज फिरलं पाहिजे. काही दिवसांनी पुन्हा पाहिल्यावर तिथे चकचकीत घासलेली रेघ दिसली, तर भरलेल्या गाडीत खड्ड्यावर तो टायर नक्की लागतोय असं समजा.

रुंदीबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो: दुहेरी वापराच्या गाडीला अरुंद टायर जास्त मानवतो. तो पातळ चिखल कापून खालच्या टणक थरापर्यंत पोचतो, रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगत नाही, वजनाला हलका असतो आणि वळताना कमी घासतो. रुंदीचा खरा फायदा मऊ वाळूत होतो. तुमच्या यादीत वाळू पहिली नसेल तर मूळ रुंदीवरच थांबा.

रिमच्या बाबतीत उलटा मोह टाळा. वीस इंची रिमवर भिंतीला उंचीच उरत नाही. दगडाचा दणका थेट रिमला बसतो आणि हवा कमी करायला वाव राहत नाही. ब्रेकचं कॅलिपर आत मावत असेल तर सोळा-सतरा इंची रिम आणि उंच भिंत ही जोडी वाटेवर कितीतरी समजूतदार.

४. भिंत: इथे काटकसर नको

भिंत फाटते कशी हे समजलं की निवड सोपी होते. भाराखाली टायर जमिनीजवळ बाहेर फुगतो. चालक दगड चाकाखाली येऊ न देता बाजूने काढू पाहतो आणि दगडाची धार नेमकी त्या फुगवट्यावरून सरकते. वळणावर मागचं चाक पुढच्यापेक्षा आतल्या बाजूने जातं, त्यामुळे पुढच्या चाकाने चुकवलेला दगड मागच्याला गाठतो. रबर ओलं असेल तर कट आणखी सहज बसतो. नक्षीच्या भागात खिळा घुसला तर दोरी घालून पाच-दहा मिनिटांत काम भागतं, पण भिंतीला पडलेली चीर भरवशाने दुरुस्त होत नाही. टायर बदलावाच लागतो.

म्हणून साध्या प्रवासी टायरऐवजी एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या वर्गातला टायर घ्यायचा का, हा प्रश्न खडकाळ वाटेवर जाणाऱ्याने गंभीरपणे घ्यावा. एलटी टायरवर सी, डी किंवा ई असा वर्ग दिलेला असतो. जुन्या भाषेत अनुक्रमे ६, ८ आणि १० प्लाय, म्हणजे थर. आत प्रत्यक्षात तितके थर नसतात, ती ताकदीची जुनी मोजणी आहे. खरे थर बऱ्याच टायरवर बारीक अक्षरांत कोरलेले असतात: ट्रेडखाली, म्हणजे नक्षीच्या पट्ट्याखाली, किती आणि साइडवॉलमध्ये, म्हणजे भिंतीत, किती. साइडवॉलचा आकडा शोधा. दोन थर नेहमीचे, तीन थर खास दगडांसाठी. खांद्यावरचे दात भिंतीवर खाली उतरलेले असतील तर तेही थोडी ढाल धरतात.

मग सगळ्यांनी ई वर्गच का घेऊ नये? कारण तो काही किलोंनी जड असतो, भिंत ताठ असते आणि हलक्या गाडीत रोजचा प्रवास हादऱ्यांचा होतो. इंधनही जास्त लागतं. एलटी टायरला तोच भार पेलायला प्रवासी टायरपेक्षा जास्त हवा लागते, त्यामुळे दारावरच्या स्टिकरवरचा आकडा जसाच्या तसा वापरून चालत नाही. टायर कंपनीचा भार आणि हवेचा तक्ता बघावा लागतो. मध्यम वजनाच्या गाडीला, अधूनमधून खडक लागत असतील तर सी वर्ग मला सर्वांत योग्य वाटतो. माती आणि खडीच असेल तर पुरेशा भाराचा प्रवासी वर्गातला ऑल-टेरेन टायरही बिनघोर चालतो.

५. आता नक्षी

एचटी हा हायवेचा टायर: शांत, ओल्या रस्त्यावर उत्तम, सुक्या मातीच्या वाटेवरही ठीक. चिखलात मात्र त्याच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि तो गोटा झाल्यासारखा घसरतो.

एमटी हा चिखलाचा टायर, दुसरं टोक. ठोकळे मोठे, मधली जागा रुंद. चिखल आणि खडक यांत त्याला तोड नाही. पण डांबरावर रबराचा स्पर्शच कमी, ठोकळे वाकतात, आवाज घुमतो, ओल्या रस्त्यावर थांबायला अंतर जास्त लागतं आणि झीजही लवकर होते. वर्षाचे बहुतांश किलोमीटर डांबरावर असताना हा टायर घेणं मला धोक्याचं वाटतं. अडकलेली गाडी ओढून काढता येते. पावसात समोरच्या गाडीवर जाऊन आदळल्यावर तसं काही करता येत नाही.

एटी, म्हणजे ऑल-टेरेन, हा मधला मार्ग. १९७६ मध्ये बीएफगुडरिचने हलक्या ट्रकसाठी रेडियल ऑल-टेरेन टायर आणला, आणि तेव्हापासून हा प्रकार सुधारतच गेला आहे. दुहेरी वापराच्या बहुतेक गाड्यांना हाच लागू पडतो. एटी आणि एमटी यांच्या मधोमध अलीकडे आरटी, म्हणजे रग्ड-टेरेन, नावाचाही वर्ग आला आहे. दर आठवड्याला चिखल तुडवणाऱ्याने तो जरूर बघावा.

एटीमध्येही फरक खूप असतो, तेव्हा टायर हातात घेऊन तपासा. ठोकळ्यांवर बारीक चिरा आहेत का आणि त्या किती खोल जातात ते बघा. ओल्या डांबरावर याच चिरांच्या कडा पकड देतात. वरवरच्या असतील तर टायर अर्धा झिजेपर्यंत त्या गायब होतात. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असले तर अडकलेले खडे आत रुतण्याआधी बाहेर फेकले जातात. मधले ठोकळे एकमेकांना जोडलेले असतील तर ब्रेक मारताना ते कमी वाकतात.

बर्फ लागत असेल तर एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) या खुणेवर विसंबू नका, ती कुठल्याही चाचणीशिवाय उमटवता येते. तीन शिखरं आणि मध्ये हिमकण अशी खूण असलेला टायर प्रत्यक्ष बर्फावर तपासलेला असतो.

६. पाच घ्या, चार नव्हे

स्टेपनीही त्याच मापाची, त्याच नक्षीची हवी. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये एका चाकाचा घेर वेगळा असेल तर इंजिनची ताकद चाकांत वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलवर सतत ताण येतो. एकाच दिशेने फिरणारी नक्षी शक्यतो टाळा. स्टेपनी नेमकी उलट्या बाजूला लावायची वेळ येते.

७. बसवल्यानंतर

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा ठरलेल्या ताणाला आवळा. नव्या रबरावरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पहिले काहीशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर जपून चालवा. दर आठ ते दहा हजार किलोमीटरला पाचही चाकं आलटून-पालटून लावा, नाहीतर ठोकळ्यांच्या कडा तिरक्या झिजतात आणि आवाज वाढत जातो.

प्रेशर गेज आणि छोटा कॉम्प्रेसर मात्र टायरसोबतच विकत घ्या. रस्त्यावर ३४ पीएसआय लागत असतील तर सुट्या खडीवर २५ च्या आसपास, मऊ वाळूत १६ ते १८ इतकी हवा ठेवून बघा. टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो, गाडी दगडांवरून उड्या मारत नाही आणि टोकांवरून टायर दबून निघून जातो. भिंत जास्त फुगते हे लक्षात ठेवून वेग कमीच ठेवा. साध्या रिमवर १५ च्या खाली जाल तसतसा टायर रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो. आणि डांबराला चाक लागलं की आधी थांबून हवा भरा; कमी हवेत वेगाने पळवलेला टायर आतून तापतो आणि सगळी मजबूत भिंत असूनही फाटतो.